मठातील संन्यासी आणि एकवीस अंकी संख्या : फादर मारिन मेर्सेन यांचे जीवन

गणिताचा उच्च अभ्यास करणाऱ्यांना ‘मेर्सेन संख्या’ हा शब्द चांगला परिचित असतो. परंतु हे मेर्सेन कोण होते, असे विचारले तर अनेकांना उत्तर देता येत नाही. ते एक कॅथलिक धर्मगुरू होते, ऐन तारुण्यात मठात प्रवेश करून अखेरच्या श्वासापर्यंत संन्यस्त जीवन जगलेले व्रतस्थ होते, ही गोष्ट तर आपल्या ख्रिस्ती बांधवांपैकीही थोड्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या नावाशी एक एकवीस अंकी संख्या कायमची जोडली गेली आहे. त्या संख्येविषयी त्यांनी १६४४ साली केलेले विधान चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे सिद्ध होण्यास तब्बल २३२ वर्षे जावी लागली. तरीही त्या जातीच्या संख्यांना जगाने त्यांचेच नाव दिले. एखाद्याची चूक सिद्ध झाल्यावरही त्याचा सन्मान कायम राहतो, असे सहसा घडत नाही. येथे ते का घडले, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्यांच्या जीवनाकडे वळू या.

बालपण आणि संन्यास

मारिन मेर्सेन यांचा जन्म ८ सप्टेंबर १५८८ रोजी, म्हणजे पवित्र मरीयेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, फ्रान्समधील ल मान्स शहराच्या परिसरातील वाझे या गावी झाला. आईवडील साध्या परिस्थितीतील कष्टकरी होते. मुलाची बुद्धी पाहून त्यांनी त्याला शिकविण्याचा निश्चय केला. ल मान्स येथील शिक्षणानंतर १६०४ साली मारिन येशूसंघीय धर्मगुरूंनी नव्यानेच सुरू केलेल्या ला फ्लेश येथील विद्यालयात दाखल झाले. पुढे युरोपातील थोर तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले रने देकार्त हेदेखील याच विद्यालयाचे विद्यार्थी. ते मेर्सेन यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान होते. या दोघांचा स्नेह मात्र पुढे पॅरिसमध्ये जुळला आणि तो जन्मभर टिकला.

ला फ्लेश येथून मेर्सेन पॅरिसला गेले व तेथे त्यांनी ईशज्ञानाचा अभ्यास केला. १७ जुलै १६११ रोजी त्यांनी मिनिम संघात प्रवेश केला. हा संघ पाओलाचे संत फ्रान्सिस यांनी पंधराव्या शतकात इटलीतील कालाब्रिया प्रांतात स्थापन केला होता. ‘मिनिम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सर्वांहून लहान. नम्रता हा या संघाचा पाया होता आणि तिला जोड होती कठोर व्रताची. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज मिनिम संन्यासी चौथे व्रत घेत असत. आपण प्रायश्चित्तकाळातील चाळीस दिवसांत जे पथ्य पाळतो ते वर्षभर, मरेपर्यंत पाळावयाचे. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी किंवा चीज नाही. अशा संघात एका विद्वान तरुणाने स्वखुशीने पाऊल टाकले, यावरून त्याच्या मनाची घडण आपल्या ध्यानात यावी.

गुरुदीक्षेनंतर काही वर्षे फादर मेर्सेन यांनी नव्हेर येथील मठात तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविले. १६१९ साली ते पॅरिसमधील प्लास रोयाल चौकाजवळच्या मठात आले. प्रवासाचे काही काळ सोडले तर पुढील सुमारे तीस वर्षे त्यांचा मुक्काम तेथील एका साध्या खोलीतच होता.

श्रद्धेच्या रक्षणासाठी विज्ञान

फादर मेर्सेन यांचे आरंभीचे लेखन वादविवादाचे होते. १६२३ साली त्यांनी बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकावर एक प्रचंड भाष्यग्रंथ प्रसिद्ध केला. नास्तिक, जादूटोणा करणारे, किमयागार अशा सर्वांचा त्यात त्यांनी कडक शब्दांत समाचार घेतला. त्याच ग्रंथात त्यांनी प्रकाश, संगीत आणि गणित यांवरही विपुल लिहिले. १६२५ साली त्यांनी विज्ञानांचे सत्य या विषयावर ग्रंथ लिहिला. मनुष्याला काहीच निश्चितपणे कळू शकत नाही, असे म्हणणारा एक संशयवादी विचार त्या काळी बळावला होता. त्याला उत्तर म्हणून फादर मेर्सेन यांनी गणित पुढे केले. दोन आणि दोन चार होतात, हे राजालाही मान्य करावे लागते आणि भिकाऱ्यालाही. ज्या मनाला असे सत्य सापडू शकते, त्या मनाला परमेश्वराने सत्यासाठीच घडविले आहे, अशी त्यांच्या विचाराची दिशा होती.

वय वाढत गेले तशी त्यांच्या लेखणीची धार मवाळ झाली. वाद जिंकण्यापेक्षा प्रयोग करून पाहणे त्यांना अधिक मोलाचे वाटू लागले. १६३३ साली गॅलिलिओ यांच्यावर रोममध्ये खटला चालून त्यांना शिक्षा झाली. त्यानंतरच्याच वर्षी, १६३४ मध्ये, फादर मेर्सेन यांनी गॅलिलिओंच्या यंत्रशास्त्रावरील लेखनाची फ्रेंच आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १६३९ साली त्यांच्या नव्या गतिशास्त्राचा परिचय करून देणारे आणखी एक पुस्तक काढले. ज्याचे नाव घेणेही अनेकांना अवघड वाटत होते, त्याचे विचार एका मठवासी धर्मगुरूने फ्रेंच वाचकांच्या हाती दिले, ही गोष्ट इतिहासाने नोंदवून ठेवली आहे.

१६३६-३७ मध्ये त्यांचा संगीतावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ताणलेल्या तारेचा स्वर तिच्या लांबीवर, ताणावर व जाडीवर कसा अवलंबून असतो, याचे नियम त्यांनी त्यात मांडले. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. मात्र केवळ ताण वाढवून तोच परिणाम साधायचा असेल तर ताण दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो. आपल्या चर्चमधील गायकवृंदात व्हायोलिन किंवा गिटार वाजविणारी मुले हाच नियम रोज नकळत वापरीत असतात. ध्वनीचा वेग मोजण्याचे प्रयोगही फादर मेर्सेन यांनी केले.

पत्रांचे जाळे

त्या काळी वैज्ञानिक नियतकालिके अस्तित्वात नव्हती. पॅरिस व लंडन येथे पहिली दोन नियतकालिके निघाली ती १६६५ साली. एखाद्याने काही नवे शोधले तर ते इतरांना कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे फादर मेर्सेन यांची खोली हेच होते. फ्रान्समधील देकार्त, फर्मा, रोबेर्व्हाल, गासेंदी व पास्काल पितापुत्र, इटलीतील गॅलिलिओ व टोरिचेल्ली, हॉलंडमधील तरुण हायगेन्स, इंग्लंडचे हॉब्ज अशा विद्वानांशी त्यांचा संबंध होता. एकाचे पत्र आले की ते त्याची नक्कल दुसऱ्याला पाठवीत, दुसऱ्याची शंका तिसऱ्याला कळवीत आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारीत. विसाव्या शतकात त्यांचा पत्रव्यवहार छापण्यात आला, तेव्हा त्याचे सतरा खंड झाले. १६३५ पासून पॅरिसमधील गणिती व वैज्ञानिक त्यांच्याभोवती नियमितपणे जमू लागले. १६६६ साली स्थापन झालेल्या फ्रान्सच्या विज्ञान अकादमीची पूर्वतयारी या बैठकींतून झाली, असे इतिहासकार मानतात.

या मंडळींत सर्वच कॅथलिक नव्हते. हायगेन्स प्रॉटेस्टंट कुटुंबातील होते, तर हॉब्ज यांच्या श्रद्धेविषयी लोक उघड शंका घेत. १६४७ साली हॉब्ज फ्रान्समध्ये मरणासन्न झाले असता फादर मेर्सेन त्यांच्या बिछान्यापाशी गेले आणि ख्रिस्तसभेच्या पापक्षमेच्या अधिकाराविषयी बोलू लागले. हॉब्ज यांनी, या सर्व गोष्टींचा विचार आपण फार पूर्वीच केला आहे असे सांगून, गासेंदी यांची भेट अलीकडे केव्हा झाली, अशी विचारणा केली. फादर मेर्सेन यांनी विषय बदलला. दोघांची मैत्री अबाधित राहिली. आपला विश्वास न लपविणारा आणि दुसऱ्यावर तो न लादणारा असा हा धर्मगुरू होता.

१६४४-४५ मध्ये ते इटलीला गेले. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली असता नळीच्या वरच्या टोकाला पोकळी निर्माण होते, हा टोरिचेल्ली यांचा प्रयोग त्यांना तेथे समजला आणि त्याची वार्ता त्यांनी फ्रान्समध्ये आणली. त्यातूनच पुढे ब्लेझ पास्काल यांचे हवेच्या दाबावरील संशोधन घडले.

ती संख्या कोणती?

आता आपण त्या संख्यांकडे वळू. दोन ही संख्या स्वतःशीच पुनःपुन्हा गुणत जावी आणि आलेल्या गुणाकारातून एक वजा करावा. दोन वेळा दोन घेतले तर ४, त्यातून १ गेला, उरले ३. तीन वेळा घेतले तर ७, पाच वेळा घेतले तर ३१, सात वेळा घेतले तर १२७. या चारही मूळ संख्या आहेत, म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना पूर्ण भाग जात नाही. दोन जितक्या वेळा घ्यावयाचे तो आकडा, म्हणजे घातांक, जर मूळ नसेल तर उत्तरही मूळ येत नाही. चार वेळा घेतल्यास १५ येतात, सहा वेळा घेतल्यास ६३. परंतु घातांक मूळ असला म्हणून उत्तर मूळ येईलच असेही नाही. अकरा वेळा दोन घेतल्यास २०४७ येतात आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

या संख्यांचे महत्त्व प्राचीन काळापासून होते, कारण त्यांच्यातून ‘परिपूर्ण संख्या’ तयार होतात. जिच्या लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते ती परिपूर्ण संख्या. सहाचे विभाजक १, २ व ३, त्यांची बेरीज ६. अठ्ठावीसचे विभाजक १, २, ४, ७ व १४, त्यांची बेरीज २८. त्यानंतर येतात ४९६ आणि ८१२८. वर सांगितलेल्या प्रकारची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते, हे युक्लिडने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास सिद्ध केले होते. ३ दुणे ६, ७ चोक २८, ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. परमेश्वराने सहा दिवसांत विश्व निर्माण केले, याचा संबंध सहाच्या परिपूर्णतेशी जोडणारे विवेचन संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात केले आहे. उत्पत्तीवर भाष्य लिहिणाऱ्या संन्याशाला या संख्यांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते.

१६४० साली फर्मा यांनी फादर मेर्सेन यांना पत्रातून एक महत्त्वाचा नियम कळविला. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जातो, तिला घातांकाच्या दुपटीने भागल्यास बाकी नेहमी १ उरते. अकराची दुप्पट २२, आणि २३ व ८९ या दोहोंना २२ ने भागले तर बाकी १ च उरते. त्यामुळे विभाजक शोधण्याचे काम पुष्कळ हलके झाले, पण मोठ्या संख्यांच्या बाबतीत ते माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

१६४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फादर मेर्सेन यांनी आपली यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकराच मूळ संख्या देतात, असे त्यांचे विधान होते. १९ पर्यंतचे घातांक पूर्वीच तपासले गेले होते. पुढचे चार नवे होते. ही यादी कशी तयार केली, याचा खुलासा त्यांनी केला नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सारा काळही पुरणार नाही, असे मात्र त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले.

यादीतील ६७ या घातांकाची संख्या अशी : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाचे कोठार रिकामे करणारे ते दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात. तसे आठ पट भरून त्यांत आणखी सात दाणे टाकले की आपली ही एकवीस अंकी संख्या तयार होते.

अडीच शतकांची तपासणी

फादर मेर्सेन यांना आपल्या यादीचा निकाल पाहता आला नाही. १६४८ च्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. वैद्यांना रोगाचे निदान नीट झाले नाही, छातीतील गळवाने त्यांना घेरले. १ सप्टेंबर १६४८ रोजी, साठ वर्षे पूर्ण होण्यास एक आठवडा उरला असताना, त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र, धर्मगुरू आणि वैज्ञानिक पियेर गासेंदी त्या वेळी त्यांच्याजवळ होते. आपल्या आजाराचे खरे कारण वैद्यांना समजावे म्हणून मृत्यूनंतर आपल्या देहाचे विच्छेदन करावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. त्यानंतर अठराच दिवसांनी, १९ सप्टेंबर रोजी, पास्काल यांच्या सूचनेवरून प्वी द दोम पर्वतावर पाऱ्याच्या नळीचा प्रसिद्ध प्रयोग झाला आणि हवेच्या दाबाविषयीचा वाद मिटत गेला.

यादीची तपासणी मात्र हळूहळू होत राहिली. ३१ या घातांकाची संख्या २१४७४८३६४७ ही खरोखरच मूळ आहे, हे थोर गणिती ऑयलर यांनी १७७२ साली दाखविले. १८७६ साली फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी एक नवी कसोटी शोधून दोन गोष्टी सिद्ध केल्या. १२७ या घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे फादर मेर्सेन येथे बरोबर होते. परंतु ६७ ची संख्या मूळ नाही, म्हणजे येथे ते चुकले होते.

गंमत अशी की, ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने बनते हे ल्युका यांनाही ठाऊक नव्हते. विभाजक न सापडताही संख्या संयुक्त आहे हे कसे कळते? या कसोटीला पुढे १९३० साली अमेरिकेचे डेरिक लेहमर यांनी सुटसुटीत रूप दिले, ते असे आहे. ४ पासून आरंभ करावा. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे, तपासावयाच्या संख्येने भागावे आणि बाकी तेवढी ठेवावी. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ साठी हे तीन वेळा करावे लागते : ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२, ज्याला ३१ ने पूर्ण भाग जातो. ६७ च्या संख्येसाठी मात्र अशा पासष्ट पायऱ्या एकवीस अंकी संख्येने भागीत चढाव्या लागतात.

विभाजक सापडले ते १९०३ साली. ३१ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. असे सांगतात की, एक शब्दही न उच्चारता त्यांनी दोनचा ६७ वा घात हाताने काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या संख्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे एकच आली. ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. या कामासाठी तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे म्हणतात. फर्मा यांचा नियम येथेही पडताळून पाहता येतो. ६७ ची दुप्पट १३४, आणि १९३७०७७२१ ला १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. केवळ त्या नियमाच्या आधारे एकेक संख्या तपासीत गेले असते तर हा लहान विभाजक सुमारे साडेचौदा लाखाव्या प्रयत्नाला हाती आला असता.

इतर चुकाही उजेडात आल्या. ६१ हा घातांक फादर मेर्सेन यांच्या यादीत नव्हता, पण त्याची संख्या २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ असल्याचे १८८३ साली सिद्ध झाले. ते सिद्ध करणारे इव्हान पेर्वुशिन हेदेखील धर्मगुरूच होते. रशियातील ग्रामीण भागात सेवा करणारे ते ऑर्थोडॉक्स पंथाचे पुरोहित होते. ६१ च्या जागी चुकून ६७ लिहिले गेले असावे, असा तर्क काही अभ्यासक करतात. ८९ आणि १०७ हे घातांकही यादीतून सुटले होते, तर २५७ ची संख्या मूळ नसल्याचे विसाव्या शतकात निष्पन्न झाले. १९४७ पर्यंत संपूर्ण यादीची तपासणी पूर्ण झाली. २५७ पर्यंतच्या पंचावन्न मूळ घातांकांपैकी पाचांच्या बाबतीत फादर मेर्सेन चुकले होते, पन्नासांच्या बाबतीत बरोबर ठरले होते.

आज संगणकाला त्या एकवीस अंकी संख्येचे विभाजक काढण्यास क्षणही लागत नाही. तरी दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण, हे सत्य बदललेले नाही. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत संगणकही हतबल होतात. १९७७ साली शोधलेली आणि पुढे इंटरनेटवरील व्यवहारांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली गुप्तलेखनाची एक पद्धत याच अडचणीवर उभी आहे. मेर्सेन मूळ संख्यांचा शोधही थांबलेला नाही. १९९६ पासून जगभरचे हजारो स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर एकत्रितपणे तो घेत आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बावन्नावी मेर्सेन मूळ संख्या सापडली. तिचा घातांक १३६२७९८४१ असून ती लिहावयास ४,१०,२४,३२० अंक लागतात.

नाव का राहिले?

फादर मेर्सेन यांच्यावर टीकाही झाली. पुरावा नसताना निश्चयाने विधान करणे हे गणिताच्या रीतीला धरून नाही आणि त्यांनी ते केले, हे आम्हीही नाकारीत नाही. थोर व्यक्तींचे चरित्र लिहिताना त्यांच्या चुका झाकण्याची सवय चांगली नव्हे. परंतु अडीचशे वर्षे ऑयलरपासून ल्युकापर्यंत अनेकांनी ज्या प्रश्नावर आपली बुद्धी झिजविली, तो प्रश्न एका यादीच्या रूपाने सर्वांपुढे कोणी ठेवला? या संन्याशानेच. यादी स्पष्ट होती, म्हणूनच ती तपासता आली. तपासता आली, म्हणूनच तिच्यातील चूक सापडली आणि त्या शोधात नव्या पद्धती जन्मास आल्या.

आपल्या धर्मग्रामांत आज अनेक मुले-मुली विज्ञानाचा व अभियांत्रिकीचा अभ्यास करीत आहेत. विज्ञान शिकले की श्रद्धा सैल होते, अशी भीती काही पालकांना वाटते. आपण चुकलो तर लोक काय म्हणतील, या भीतीने वर्गात प्रश्न न विचारणारी मुलेही आम्हांस ठाऊक आहेत. या दोन्ही भीतींचे उत्तर पॅरिसच्या त्या मठातील खोलीत आहे. सर्वांहून लहान असे नाव धारण करणाऱ्या संघातील या धर्मगुरूने स्वतःचा मोठेपणा सिद्ध करण्यात वेळ घालविला नाही. इतरांचे शोध त्याने जपले, पसरविले, आपले मत उघड मांडले आणि त्याची पारख पुढील पिढ्यांवर सोपविली. सत्य हे परमेश्वराचे आहे अशी ज्याची श्रद्धा असते, त्याला आपली चूक दुसऱ्याने दाखविण्याचे भय वाटत नाही. पालकहो, आपल्या घरातील मुलाने उद्या एखादा अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प न बसविता त्याच्याशेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, एवढीच आमची विनंती आहे.